काळ्या वाळूवाली जानकी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगांचं पोतं आत ओढणं. जत्रा तोंडावर आली होती. अंगणात शेंगा वाळत घातल्या होत्या, त्या तिने भरल्या, मी पोत्याचं तोंड शिवलं. एक टोक तिनं धरलं, एक मी. पडवीच्या पायरीशी पोतं अडलं.

"तुमच्या बाजूनं घासतंय. उचला जरा."

"उचललंय गो."

"कुठं उचललंय? नुसता धरलाय. धरणं येगळा नि उचलणं येगळा."

उचललं. पोतं आत गेलं. तिनं कमरेवर हात ठेवून दम खाल्ला, माझी शिवण तपासली, एक टाका सैल होता तो ओढून घट्ट केला आणि म्हणाली, "चा ठेवते." चहा प्यालो. कप तिनंच विसळले. मग उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली. मला वाटलं डोळा लागला. ऊन अंगावर येत होतं म्हणून मी हाक मारली, तर ती उठली नाही. दिवे लागायच्या आत गावाने तिला नेलीसुद्धा.

माझी बायको होती ती. नाव जानकी. हे नाव आधीच सांगून ठेवतो, कारण अख्ख्या गावात ते चार माणसांच्या तोंडात असेल नसेल. मी रंगारी. होड्या रंगवायच्या, खिडक्या-दारं रंगवायची, दुकानाच्या पाट्या करायच्या. म्हणून मला सगळे पेंटर म्हणतात आणि तिला पेंटरीण म्हणत. तिला त्याचा भारी राग.

"मी उभ्या जन्मात ब्रश धरला नाय," ती म्हणायची. "मी भाजते. मग मी पेंटरीण कशी?"

ते खरंच होतं. ती भाजायची. चणे, शेंगा, पावसाळ्यात फणसाच्या आठळ्या. आठवड्याच्या बाजारात, एस्टीच्या थांब्यावर आणि माघात आमच्या देवाची जत्रा भरते तिथं. भाजायची ती वाळूत, आणि वाळू आमच्या किनाऱ्याची, काळी.

आमचं गाव रत्नागिरीच्या दक्षिणेला, समुद्राला लागून. इथली वाळू बाहेरचा माणूस बघतो तेव्हा त्याला वाटतं, कोणी कोळसा सांडलाय. सगळी काळी नसते. लाटा हलकी पांढरी वाळू उचलून नेतात आणि जड काळी मागे राहते, पट्टे पट्टे पडतात. जानकी त्या पट्ट्यांवरून अनवाणी चालायची आणि पायानं सांगायची, हा घ्या, हा नको. पांढरी वाळू ती कढईत पडू द्यायची नाही. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो तापला की चुन्यासारखा होतो, चण्याला वास लागतो. काळी तशी नाही. जड, त्यामुळे झाऱ्यातून झटकन खाली पडते. तापायला वेळ घेते, पण एकदा तापली की आच धरून ठेवते. वाळू घरी आणली की गोड्या पाण्यात तीनदा धुवायची, पाणी जिभेला खारट लागेनासं होईपर्यंत. धुणं तिचं, पाणी ओढणं माझं.

भाजताना ती कोणाशी बोलायची नाही. एक चणा टाकायचा आणि ऐकायचं. चणा फुटला तो आवाज तिला पटला तर घाण्याचे चणे आत. पटला नाही तर लाकूड ओढायचं नाहीतर सारायचं. कोणी म्हणालं, "आवरा लवकर, एस्टी सुटेल," तर ती म्हणायची, "मग सुटू दे. कच्चा खाऊन पोट दुखलं तर ड्रायवर येणार हाय काय शेकायला?" माणसं एस्टी सोडायची, पण पुडी घेऊन जायची. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आम्हाला मूलबाळ नाही. त्याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही. कोणी बाई कळवळून विचारायला आली की जानकी तिच्या हातावर गरम चणे ठेवायची. चणे गरम असले की बाईला बोलता येत नाही.

ऐंशी साल उलटून गेलं होतं, तेव्हा आमच्या पडवीत सर्वेवाला साहेब राहायला आला. सरकारचा माणूस. तरुण होता, चष्मा, डोक्यावर टोपी. किनाऱ्यावर दिवसभर खड्डे घ्यायचा, छोट्या छोट्या पिशव्यांत वाळू भरायचा, पिशव्यांवर खुणा करायचा आणि पेटीत कुलूप लावून ठेवायचा. हे कुलूप गावाच्या डोळ्यात भरलं. वाळूला कुलूप कोण लावील? त्यात सोनं असणार.

आमचा शेजारी भिकू तर वेडाच झाला. टोपलीनं वाळू घरी नेऊ लागला. आधी माळा भरला, मग खाटेखाली, मग भाताच्या कणगीत. बायकोला सांगून ठेवलं, कोणाला बोलायचं नाही, सरकार भाव काढील तेव्हा बघू. भार सोसेना आणि एक दिवस माळ्याची फळी मोडली. वाळू धबाधबा खाली, ती नेमकी कालवणाच्या टोपात. भिकूची बायको ओरडत आमच्याकडे आली. जानकीनं जाऊन बघितलं. वाळू मुठीत घेतली, बोटांतून सोडली.

"भिक्या, चांगली हाय रे वाळू. धुवून दिलीस तर माझ्या कढईला होईल."

"वयनी, थट्टा करू नका. सोनं हाय त्यात."

"सोनं असता तर मी इतकी वर्षं सोन्यात चणे भाजले काय रे? मग माझा रंग असा कसा?"

पण मनातून तिलाही कळायला हवं होतं. त्या दिवशी तिनं साहेबाला जेवण वाढलं आणि पाटासमोर बसली. साहेबाच्या लक्षात आलं की ही सुटका करणार नाही.

"साहेबानू, खरा सांगा. सोनं हाय?"

"सोनं नाही, मावशी. दुसरा धातू आहे. टिटॅनियम."

तिनं ते नाव दोनतीनदा तोंडात घोळवलं. पहिल्यांदा अर्धंच आलं, मग पुरं आलं. नंतर आयुष्यभर तिनं ते चुकवलं नाही. मला मात्र अजून मधे थांबावं लागतं.

साहेब चांगला माणूस. त्याने हात धुतले, पेटी उघडली, कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि परातीतल्या वाळूवरून फिरवलं. काळे कण कागदाला केसांसारखे उभे चिकटले. मग त्याने कागदातून चुंबक काढून घेतलं, तसे कण टपटप खाली. म्हणाला, हे कण लोखंड आणि टिटॅनियम मिळून झालेत, म्हणून काळे आणि जड. नुसता धातू वेगळा काढला तर पोलादासारखा मजबूत, पण वजनाला जवळजवळ निम्मा. समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं ठेवला तरी गंजत नाही. विमानात घालतात. विलायतेत माणसाचं हाड मोडलं तर त्याची पट्टी आत बसवतात, शरीर ती आपलीच समजतं.

मी आपला कोपऱ्यात बसून ऐकत होतो. होड्यांचे खिळे गंजून कसे भुकटी होतात ते मी रोज बघतो. तेव्हा समुद्रात न गंजणारा धातू आमच्या पायाखाली आहे हे ऐकून मला जरा मजा वाटली. पण पुढचं ऐकलं आणि मी पुढे सरकलो.

"हा धातू करणं फार अवघड नि महाग," साहेब म्हणाला. "बहुतेक ह्याचा रंग करतात. वाळू तेजाबात विरघळवायची, लोखंड काढून टाकायचं, उरलेलं भाजायचं. पांढरी शुभ्र पूड होते. काका, तुमच्या त्या पांढऱ्या रंगाच्या डब्यात तीच असते."

आता पांढऱ्या रंगाबद्दल मला कळतं. आधी आम्ही शिशाचा सफेता वापरायचो. नवा असताना छान, पण मासळी वाळत घालतात त्या बाजूच्या घरांवर तो काळवंडायचा, वर्षात भिंत आजाऱ्यासारखी दिसायची. मग जस्ताचा आला. तो काळा पडत नाही, पण पातळ, खालचं दिसत राहतं. नंतर हा नवा डबा आला. एका हातात खालचं सगळं झाकतो, खाऱ्या वाऱ्यात पिवळा पडत नाही. गिऱ्हाईक खूश. त्याच्यात काय घालतात हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

जानकीचे डोळे मोठे झाले होते. "भाजतात?"

"हो मावशी, भट्टीत."

"म्हणजे मी काळ्या वाळूत चणे भाजते नि ते वाळूच भाजतात." मग माझ्याकडे वळून, "ऐकलात? तुमचा रंग माझ्या भट्टीतला!"

साहेब हसला. पुढे कितीतरी सांगितलं त्याने. ती पांढरी पूड कागदात असते, दात घासायच्या पेस्टमध्ये, तोंडाला लावायच्या पावडरीत, प्लॅस्टिकच्या बादलीत. मग जानकीनं विचारलं, हे पहिल्यांदा कोणाला कळलं?

साहेब म्हणाला, विलायतेत एक पाद्री होता, दोनेकशे वर्षांमागे. त्याला दगडधोंड्यांचा नाद. त्याच्या गावच्या ओढ्यात अशीच काळी वाळू होती. त्याने ती तपासली आणि ओळखलं, ह्यात कोणाला ठाऊक नसलेला धातू आहे. आपल्या त्या गावावरूनच त्याने नावही ठेवलं. पण थोड्या वर्षांनी जर्मनीतल्या एका विद्वानाला दुसऱ्याच दगडात तोच धातू सापडला. त्याने ग्रीक लोकांच्या पुराणातल्या राक्षसांवरून नाव दिलं. टायटन म्हणतात त्यांना, धरणीची पोरं. तेच नाव टिकलं.

"धरणीची पोरं?" जानकी म्हणाली. "म्हणजे माझी भावंडाच की! जानकी तरी कुणाची? नांगराच्या तासात मिळालेली." आणि खूप हसली. ताट उचलता उचलता म्हणाली, "पण पाद्रीबाबाचा नाव रायला नाय. सापडवला त्यानं नि नाव दुसऱ्याचा लागला."

"सापडवण्याचा मान त्यालाच देतात, मावशी."

"मान देतात, पण हाक कशी मारतात? हाक मारतात ती खरी."

साहेब पावसाआधी निघून गेला. वाळूचं पुढे काय झालं आम्हाला कळलं नाही. समुद्र तिथंच आहे आणि वाळूही. भिकूने कणगी धुतली. पण जानकी मात्र बदलली. ती पहिल्यापासून ताठ होती, आता जास्त ताठ झाली. पुडी बांधताना गिऱ्हाइकाला सांगायची, "ह्या वाळूत टिटॅनियम हाय. इमानात घालतात." लोक हसायचे. ती म्हणायची, "हसा. तुमचे दात पांढरे दिसतायत ते पण आमच्याच वाळूनं."

आता जत्रेचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

देवळाकडे जाणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचा गडगा आहे, कमरेएवढा. जत्रेत दुकानं ह्या गडग्याला पाठ लावून बसतात. कुठली जागा कोणाची, हे गावकी ठरवते आणि गडग्यावर नाव घालते. पूर्वी नावं चुन्यानं घालत. पावसात ती धुवून जायची आणि दरसाल मारामाऱ्या. मग गावकीनं ठरवलं, तेलरंगानं घालायची. ते काम माझ्याकडे आलं. काळा पट्टा मारायचा, वर पांढरी अक्षरं. जत्रेआधी मी सगळी नावं उजळून देतो. ज्याचं नाव उजळलं नाही त्याची जागा गेली असं समजतात.

नावं सगळी बाप्यांची. जानकी बसायची त्या जागेवर माझं नाव. मी तिथं एक पुडी विकली नाही कधी.

एका जत्रेत एका पाहुण्याच्या दाताखाली खडा आला. गाल धरून तो ओरडायला लागला. तो निघाला आमच्या दाजींचा जावई. दाजी म्हणजे गावकीचे मुख्य मानकरी. मिशा पिळलेल्या, आवाज पहाडी, पण माणूस वाईट नाही. दाजी तिथंच आले.

"पेंटरणी, ही काळी वाळू बंद कर. मिठात भाज, पांढऱ्या वाळूत भाज, काय पण कर. नायतर जागा सोड."

"वाळू सोडणार नाय, दाजीनू."

"मग दात मोडले तर?"

"उद्या या. जावयाला घेऊन या. एक कण दाखवा, मी आपली उठते."

घरी आली ती थेट माझ्या रेडिओपुढे उभी राहिली. रेडिओ बंद पडला होता, पण मी तो रत्नागिरीला दुरुस्तीला न्यायचा म्हणून पुसून ठेवला होता.

"ह्याच्या आवाजाच्या डब्यात लोहचुंबक असता ना हो?"

"असता. पण तो दुरुस्त होणार हाय."

"आता नाय होणार," ती म्हणाली आणि पाटा-वरवंट्याकडे घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी जत्रेत तिनं परातीत चणे पसरले. साहेबाने जसा कागद गुंडाळला होता तशी तिने चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि चण्यांवरून फिरवली. उरलेसुरले काळे कण भसाभस पिशवीला येऊन चिकटले. चुंबक काढलं, कण खाली पडले. पुन्हा फिरवलं. पिशवी कोरी. लोक जादूगाराभोवती जमतात तसे जमले. दाजी आले, जावई गाल सुजवून मागे उभा.

"घ्या पावणं," जानकी म्हणाली. "दुसऱ्या बाजूनं चावा."

जावयानं चावलं. अजून एक मूठ घेतली. मग पुडी मागितली. दाजी मिशीत हसले, "राहू दे पेंटरची जागा पेंटरला."

खरं म्हणजे इथं संपायला हवं होतं. पण जानकीला ते वाक्य लागलं. ती उठून उभी राहिली. हातात झारा.

"दाजीनू, एक इचारू? काल दाताखाली खडा आला तो जाब कुणाला इचारलात?"

"तुला."

"जागा पेंटरची, तर जाब पेंटरला का नाय इचारलात? ते तर तिकडं तमाशाच्या तंबूचा पडदा रंगवत होते."

लोक हसले. दाजींनी मिशी पिळली. म्हणाले, "गडग्यावर बायांची नावं नसतात, पेंटरणी. आजपातूर नाय."

"माझा नाव पेंटरीण नाय. जानकी हाय. गडग्यावर घाला म्हणजे तुमाला पण ठाऊक होईल."

तेव्हापासून तिनं हे धरलं ते सोडलं नाही. गावकी बसली की ती बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायची. आत बोलायला बोलवत नसत. सगळे विषय संपले की बाहेरून आवाज यायचा, "दाजीनू, माझा काय झाला?" दाजी म्हणायचे, "पुढल्या साली बघू." ती म्हणायची, "बरा," आणि पदर झटकून घरी यायची. दरसाल तेच. गावात तिची चेष्टा व्हायची. भिकू म्हणायचा, "वयनी, नाव काय खायचा हाय?" ती म्हणायची, "तू वाळू कणगीत भरलीस, तेव्हा इचारला होता का मी, खायची हाय काय म्हणून?"

आणि मग एका जत्रेला ती बसलीच नाही.

गडग्यावर माझं नाव मी नेहमीसारखं उजळून आलो. जत्रेच्या सकाळी जानकीनं कढई डोक्यावर घेतली, मला वाळूची बालदी उचलायला लावली, आणि देवळाची वाट सोडून सरळ पऱ्ह्याच्या पलीकडे गेली. पऱ्ह्या म्हणजे आमचा ओढा, तिथं गावकीची हद्द संपते. तिथं तीन दगड मांडून चूल केली. "ज्याची जागा हाय त्यानं तिथं बसावं," मला म्हणाली. "जावा, बसा तुमच्या नावाखाली."

मी गेलो नाही. तिथंच पाणी ओढत बसलो. वारा देवळाकडे वाहत होता, भाजल्याचा वास गेला. आधी पोरं आली, मग बाया, मग माणसं पऱ्ह्यातले दगड तुडवत यायला लागली. गडग्यावर माझ्या नावाखाली रिकामी जागा, तिथं एक कुत्रं झोपलेलं. पालखी उचलणाऱ्या माणसांना जानकी दरसाल फुटाणे द्यायची, त्यांनी दाजींना विचारलं, आमचे फुटाणे कुठायत? दाजी स्वतः पऱ्ह्यापर्यंत आले. अलीकडच्या काठावर उभे राहिले. पलीकडे आले नाहीत, पण पालखीवाल्यांना पाठवलं. तिनं त्यांना नेहमीपेक्षा जास्त दिले. आणि ओरडून म्हणाली, "दाजीनू, तुमी पण या की. इकडं नाव लागत नाय."

मी तिच्याकडे बघत होतो. धुराने डोळे लाल, केस सुटलेले, कपाळावर राख. आमच्या लग्नाला तेव्हा किती वर्षं झाली होती मला माहीत नाही, पण त्या दिवशी मला वाटलं, ही माझी बायको आहे हे सगळ्या जत्रेला ओरडून सांगावं. सांगितलं नाही. ती म्हणाली असती, परत तुमचाच नाव.

ह्या साली गावकी बसली, तेव्हा ती पायरीवर बसायच्या आधीच दाजींनी आतून हाक मारली. मी आत होतो, रंगाचं ठरवायला. दाजी म्हणाले, "घाल बाय तुझा नाव. एकदाचा घाल. पण पालखीला फुटाणे देवळाच्या वाटेवर मिळायला पायजेत." कोणीतरी कुरकुरला. दाजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

घरी आल्यावर चुलीतला कोळसा माझ्या हातात दिला.

"काढून दाखवा."

तिला वाचता येत नव्हतं. मी जमिनीवर जानकी लिहिलं. ती वाकून बघत राहिली, इकडून, मग तिकडून.

"एवढाच?"

"एवढाच हाय तुझा नाव."

"मग मोठा काढा. लांबून दिसला पायजे. आणि त्या नव्या डब्यातला घाला. चुना फासू नका मला."

"चुना कोण फासतंय गो तुला," मी म्हटलं. ती हसली. ते अक्षर तिनं पुसू दिलं नाही. सारवलं तेवढा भाग सोडून.

नंतरचं सांगितलंच आहे. शेंगा, पोतं, चहा.

स्मशानातून परतताना दाजी माझ्याबरोबर चालत होते. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "पेंटर, वाईट झाला. बाई जबर होती." मी मान हलवली. थोडं चालून म्हणाले, "आता गडग्यावर तुझाच नाव हाय तसा राहू दे. आता खाडाखोड कुणासाठी करायची?" त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं.

सकाळी उठलो. शेजारणीने आणलेला चहा तसाच ठेवला. डबा घेतला, ब्रश घेतला, पत्र्याची पट्टी घेतली आणि गडग्यावर गेलो. सुतक मला कळतं. देवळाकडे पाठ करून बसलो आणि पट्टीनं माझं नाव खरवडायला लागलो. जुने थर होते, वर्षावर वर्षाचे, सालपटं निघत होती. खालचा जांभा लाल दिसायला लागला. मग काळा पट्टा मारला आणि वाळायची वाट बघत बसलो. मासळीच्या पाट्या घेऊन बाया चालल्या होत्या, बघायच्या आणि पुढे जायच्या. त्यांतल्या कोणीतरी सांगितलं असणार, कारण दाजी आले. पायात वहाणा नव्हत्या, घाईत आले होते.

"पेंटर, काल बाई गेली नि आज तू ब्रश घेऊन बसलास?"

"काल गेली म्हणून आज बसलो. जत्रा थांबणार हाय?"

"अरे, पण मेलेल्या माणसाच्या नावानं जागा कशी ठेवायची?"

"दाजीनू, देवळात मानाचा पयला नारळ कुणाच्या नावानं निघतो?"

दाजींनी देवळाकडे बघितलं. तो त्यांच्या आज्याच्या नावानं निघतो. आजा जाऊन त्यांच्या मिशा पिकल्या.

"ते येगळा," म्हणाले. मग स्वतःलाच पटलं नसावं, म्हणून दुसरं विचारलं. "बसणार कोण इथं?"

"ह्या साली सुतक. जागा रिकामी राहील. पुढल्या साली मी बसेन."

"तू? तुला भाजायला येतं?"

"नाय. वरीस हाय की मधे. शिकेन."

दाजी गडग्याला टेकून उभे राहिले. खाली सालपटांतली माझ्या नावाची अक्षरं पडली होती, ती त्यांनी पायाने जरा बाजूला सारली. मग हळू आवाजात म्हणाले, "असा कर. वर तिचा घाल नि खाली बारीक अक्षरात तुझा. म्हणजे कोणी बोलायला नको."

"नाय," मी म्हटलं. "जागा तिची हाय."

पट्ट्याला बोट लावून बघितलं, वाळला होता. डबा ढवळला. दाजी गेले नाहीत, तिथंच उभे होते. मी ब्रश बुडवला, कडेला निथळला आणि लांबून दिसेल असा ज काढायला घेतला.